दिवाळीनंतरचे मतदान आणि ओस पडलेले पाडे

निवडणुकीची तारीख ही सामान्यतः कोरडी प्रशासकीय बाब समजली जाते. आयोग तारीख जाहीर करतो, आचारसंहिता लागू होते, उमेदवार अर्ज भरतात आणि ठरल्या दिवशी मतदान पार पडते. ती तारीख कोणाच्या सोयीची आणि कोणाच्या गैरसोयीची, याची चर्चा झालीच तर ती पाऊस, परीक्षा, सणवार आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या यांच्यापुरतीच होते. परंतु ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, असा एक समाज राहतो की, त्याला आपला मताधिकार बजावता येणार की नाही, हे ती एक तारीखच ठरवून टाकते. हा समाज म्हणजे कातकरी. केंद्र शासनाने ज्या जनजातींना विशेष दुर्बल मानले आहे, त्यांत महाराष्ट्रातील तीन जनजाती येतात - कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. सह्याद्रीच्या पायथ्याशी, माहुलीच्या छायेत आणि माळशेज घाटाच्या वाटेवर विखुरलेल्या कातकरी वाड्या वर्षातील सहा-सात महिने जवळजवळ ओस असतात. महाराष्ट्र विधानसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या अखेरपर्यंत व्हायची आहे. तिच्या वेळी या वाड्या भरलेल्या असतील की रिकाम्या, या प्रश्नाचा विचार आजच सुरू व्हायला हवा.

दिवाळी नावाची सीमारेषा

शेतकऱ्याच्या घरी दिवाळी म्हणजे सुगीचा आनंद. कातकऱ्याच्या वाडीत दिवाळी म्हणजे निघण्याची वेळ. बहुसंख्य कातकरी कुटुंबांकडे पोटापुरतीही जमीन नाही. पावसाळ्यात लावणीची मजुरी, पुढे भातकापणीची मजुरी, मधल्या काळात रानभाज्या आणि नदीनाल्यांतील मासे, यांवर चार महिने निघतात. आजारपण, लग्नकार्य किंवा घरशाकारणी यांसाठी याच काळात वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा उचललेला असतो. पाऊस सरला, माती वाळली की त्या बयाण्याची फेड सुरू होते. दिवाळी आटोपताच मालकाचा ट्रक वाडीवर येतो आणि भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरे यांच्यासह कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या बाजूंच्या भट्ट्यांवर जातात. माती कालवणे, विटा थापणे, वाळवणे, रचणे अशी कामे नवरा-बायको मिळून करतात आणि मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो आणि कुटुंब परत येते. अनेकदा हिशेबानंतरही काही देणे शिल्लक राहते आणि ते पुढच्या हंगामाच्या खाती जमा होते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरीही आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस बांधून घेण्याची ही रीत अद्याप पुरती मोडलेली नाही.

या स्थलांतराचे शिक्षणावर, आरोग्यावर आणि कुपोषणावर होणारे परिणाम आता बऱ्यापैकी परिचित आहेत. मताधिकारावर होणाऱ्या परिणामाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जो मतदानाला येत नाही, त्याची तक्रारही कोणाच्या कानी पडत नाही, हे त्याचे साधे कारण होय.

पंचांग आणि निवडणुकांचे वेळापत्रक

गेल्या वीस वर्षांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या की चित्र स्पष्ट होते. महाराष्ट्र विधानसभेसाठी २००४ मध्ये १३ ऑक्टोबरला मतदान झाले आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. २००९ मध्ये मतदान १३ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला. २०१४ मध्ये मतदान १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला. २०१९ मध्ये मतदान २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला. सलग चार निवडणुकांत मतदान दिवाळीपूर्वी झाले. म्हणजे भट्टीवर जाणारी माणसे अजून आपापल्या वाडीतच होती. २०२४ मध्ये हा क्रम उलटला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले.

लोकसभेचे वेळापत्रक तर पहिल्यापासूनच या माणसांच्या विरुद्ध जाते. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. तेथे ३० एप्रिल २००९, २४ एप्रिल २०१४, २९ एप्रिल २०१९ आणि २० मे २०२४ या दिवशी मतदान झाले. हे चारही दिवस भट्टीच्या ऐन हंगामातले. याचा अर्थ असा की, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला आपल्या गावी राहून ज्या मोठ्या निवडणुकीत सहजपणे मत देता येत होते, ती विधानसभेची एकमेव निवडणूक होती. २०२४ मध्ये तीही हातची गेली.

२०२४ ची तारीख पुढे का गेली, याची कारणे आयोगाने त्या वेळी सांगितली होती. हरियाणा आणि जम्मू-काश्मीरच्या निवडणुका आधी घ्यायच्या होत्या, सुरक्षादलांची उपलब्धता पाहायची होती, महाराष्ट्रात पाऊस होता आणि गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत सणांची रांग होती. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगितली गेली होती. मतदानासाठी आठवड्याच्या मधला बुधवार मुद्दाम निवडला, जेणेकरून शहरी मतदार जोडून सुट्टी घेऊन सहलीला निघून जाऊ नये. शहरातल्या अनास्थेवर उपाय करण्याचा हा प्रयत्न योग्यच म्हणावा लागेल. मात्र त्यातून एक विपर्यास समोर येतो. जो मतदार स्वेच्छेने पर्यटनाला जातो, त्याच्यासाठी वार पाहिला गेला. जो पोटासाठी बाहेर पडतो, त्याच्यासाठी तिथी पाहण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

कायदा त्याच्या बाजूचा आहे

या प्रश्नात आशादायक गोष्ट ही की, कायद्याने या मतदाराला वाऱ्यावर सोडलेले नाही. मतदारयादीत नाव येण्यासाठी १८ वर्षे पूर्ण झालेली असणे आणि त्या मतदारसंघात सामान्यतः वास्तव्य असणे, या मुख्य अटी आहेत. ‘सामान्यतः वास्तव्य’ म्हणजे काय, याचा खुलासा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० मध्ये आहे. एखादी व्यक्ती आपल्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरती बाहेर गेली, एवढ्यावरून तिचे तेथील वास्तव्य संपले असे मानता येणार नाही, असे ते कलम निःसंदिग्ध शब्दांत सांगते. कातकरी कुटुंब सहा महिने भट्टीवर असले तरी त्याचे झोपडे, त्याचे शिधापत्रक, त्याचे देव आणि त्याची स्मशानभूमी वाडीतच असते. भट्टीवरची झोपडी हंगामाबरोबर मोडते. तेव्हा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने त्या वाडीचाच मतदार आहे, याविषयी शंकेला जागा नाही.

प्रत्यक्षात मात्र मतदारयादीचे काम बहुधा अशा वेळी चालते की, ही घरे बंद असतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला गावात बीएलओ म्हणतात, तो दारी येतो तेव्हा दाराला काटक्यांचा आडोसा लावलेला असतो. शेजारीही बाहेर गेलेले असतात. ‘येथे राहत नाही’ असा शेरा मारणे अशा वेळी सोपे वाटते. परंतु नाव वगळण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे त्याच अधिनियमाचे कलम २२ सांगते. भट्टीवर असलेल्या निरक्षर माणसाच्या बंद दारावर चिकटवलेली नोटीस ही अशी संधी म्हणता येईल काय, याचा विचार तहसील कार्यालयांनी करावयास हवा.

येथे नोंदणीची पद्धतही माहीत असणे आवश्यक आहे. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी वा आक्षेपासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. या सुधारणेचे महत्त्व शहरात कोणाला फारसे जाणवले नसेल. वाडीसाठी मात्र ती वरदान ठरू शकते, कारण १ जुलै आणि १ ऑक्टोबर या दोन्ही तारखा माणसे घरी असण्याच्या काळातल्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाडीवाडीतून नोंदणी आणि पडताळणी झाली, तर यादीचा प्रश्न बव्हंशी सुटेल. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. भट्टीजवळच्या गावात सद्हेतूने किंवा अन्य हेतूने कोणी या मजुरांची नावे नोंदवली, तर त्यांची मूळ गावातील नावे जातील आणि हंगामानंतर ते दोन्हीकडचे राहणार नाहीत.

सुट्टी कागदावर, मजुरी हवेत

नाव यादीत आहे, ओळखपत्र जवळ आहे, असे गृहीत धरले तरी भिवंडीजवळच्या भट्टीवरून डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या वाडीपर्यंत येणार कसे? येण्याजाण्यात पूर्ण दिवस जातो, तान्ही मुले बरोबर असतील तर दोन दिवस. विटा थापल्या नाहीत तर मजुरी नाही. त्यावर गाडीभाडे वेगळे. ज्याने बयाणा फेडायचा आहे, त्याला एका मतासाठी हा खर्च परवडणारा नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये १९९६ साली कलम १३५-ब घालण्यात आले. कोणत्याही व्यवसायात, उद्योगात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. रोजंदारीवरील कामगारालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, हेही त्यात स्पष्ट आहे. वीटभट्टी या तरतुदीबाहेर नाही. परंतु कलमाचे उल्लंघन करणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त दंड किती? फक्त ५०० रुपये. शिवाय ज्याच्या अनुपस्थितीमुळे धोका किंवा मोठे नुकसान संभवते, अशा कामावरील माणसाला ही तरतूद लागू नाही, असा अपवादही आहे. पेटती भट्टी सोडून जाता येत नाही, ही मालकाची सबब पेटवणाऱ्या दोन-चार कामगारांपुरती खरी मानता येईल. माती कालवणाऱ्या आणि विटा थापणाऱ्या शेकडो हातांना ती लागू करता येणार नाही. २०२४ च्या मतदानाच्या दिवशी शहरातील दुकाने, कारखाने आणि कार्यालये यांनी सुट्टी दिली की नाही, याकडे प्रशासनाने लक्ष ठेवले होते. भट्ट्यांकडेही त्याच नजरेने पाहिले जाणे अगत्याचे आहे.

ट्रक कोणाचा?

मजूर स्वतः येऊ शकत नाही, तेव्हा त्याला आणणारे पुढे येतात. येथेच लोकशाहीला खरा धोका आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मतदारांना मतदान केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन पुरवणे, हे १९५१ च्या अधिनियमातील कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे. सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. मतदाराने स्वतःच्या पैशाने एस.टी.ने किंवा रेल्वेने येण्यास अर्थातच कोणतीही हरकत नाही. या कलमामागचा हेतू उघड आहे. जो आणतो, तो मत मागतो आणि ट्रकमध्ये बसलेला माणूस मिंधा होतो.

परिणामी कातकरी मतदारापुढे दोनच वाटा उरतात. भट्टीवरच राहून मताला मुकायचे, अथवा दुसऱ्याच्या ट्रकमधून येऊन स्वतःच्या मताचे स्वातंत्र्य गमवायचे. पहिल्या वाटेने तो अदृश्य होतो आणि दुसऱ्या वाटेने विकत घेण्याची वस्तू बनतो. पुढे ‘हे लोक दारूवर आणि नोटांवर मते देतात’ असा ठपकाही त्याच्यावरच येतो. ज्या समाजाला सन्मानाने मतदान केंद्रापर्यंत पोहोचण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याच्या नैतिकतेची परीक्षा घेण्याचा अधिकार इतरांना कसा पोहोचतो?

केंद्राच्या आत

केंद्राच्या आत मात्र चित्र वेगळे आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असे ते आहे. पहिला मतदान अधिकारी यादीतील नाव पाहून ओळख पटवतो. छायाचित्र मतदार ओळखपत्र नसले तरी अन्य कागदपत्रे चालतात. २०२४ च्या निवडणुकीत आधार कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल कार्यालयाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशा कागदपत्रांना मान्यता होती. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राची कळ दाबतो. मग आडोशामागे मतदार एकटा असतो. यंत्रावर उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि २०१५ पासून छायाचित्रही असते. निळी कळ दाबली की तांबडा दिवा लागतो, शेजारच्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद कागदी पावती दिसते आणि ती आपोआप पेटीत पडते. एकही उमेदवार पसंत नसेल तर २०१३ पासून शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे.

वाड्यांतून एक भीती वारंवार पसरवली जाते. ‘तू कोणाला मत दिलेस, हे आम्हाला यंत्रावरून कळते’ असे मजुराला सांगितले जाते. हे निखालस असत्य आहे. नोंदवहीत कोण आले याची नोंद असते, कोणाला मत दिले याची नसते. कागदी पावतीवरही मतदाराचे नाव नसते. कोणाही मतदाराला त्याने कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही करता येत नाही, इतके हे गुपित कायद्याने जपले आहे. केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली, याचा हिशेब नमुना १७-क मध्ये लिहून त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याच दिवशी दिली जाते. एवढी माहिती जरी प्रत्येक वाडीत पोहोचली, तरी भट्टीमालकाचा आणि गावपुढाऱ्याचा अर्धा धाक ओसरेल.

एका मताचे मोल

हे सारे ठीक, पण काही शे माणसे आली नाहीत तर निकालात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. शहापूरचा २०२४ चा निकालच त्याचे उत्तर देतो. तेथे दौलत दरोडा आणि पांडुरंग बरोरा यांच्यातील अंतर अवघे १६७२ मतांचे होते. आपल्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, असे बंधन नाही. अशा पद्धतीत दोन-चार मोठ्या वाड्यांची अनुपस्थिती आमदार बदलू शकते. भट्टीवरील मजूर आले असते तर कोण जिंकले असते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कोणीही जिंकला असता तरी त्याला त्यांच्या दारी जावे लागले असते, हे महत्त्वाचे.

शहापूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. विधानसभेच्या २८८ जागांपैकी अशा २५ जागा आहेत. राखीव मतदारसंघात उमेदवार जनजातीचा असावा लागतो, मतदान मात्र सर्वांचे असते. ज्यांच्या संख्येच्या आधारे जागा राखीव होते, त्यांतलेच सर्वांत दुर्बल मतदानाच्या दिवशी गैरहजर असतील, तर त्या राखीवपणाचा आशय पातळ होतो. मुरबाडची अडचण निराळी आहे. तो सर्वसाधारण मतदारसंघ आहे आणि २००८ च्या परिसीमनानंतर त्यात मुरबाड तालुक्याबरोबर कल्याण तालुक्याचा काही भाग आणि कुळगाव-बदलापूर शहर आले. वाढत्या शहराच्या मतांपुढे सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी आधीच लहान दिसते. त्यातून ती रिकामी असेल, तर प्रचाराची गाडी तिकडे वळणारच नाही.

मत न देणाऱ्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, हा व्यवहार आहे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तानसा धरण १८९२ साली बांधून झाले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा विरोधाभास टिकून राहिला, याचे एक कारण पाण्याच्या राजकारणात आहे, तर दुसरे मतांच्या गणितात. टँकरच्या दिवसांत वाडीतील धडधाकट माणसे भट्टीवर असतात, मागे म्हातारी-कोतारी राहतात. पाण्यासाठी भांडणारे आणि मत देणारे, दोघेही गावाबाहेर!

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

२०२४ मध्ये राज्याचे मतदान सुमारे ६६ टक्क्यांवर गेले, २०१९ पेक्षा ते बरेच वाढले, मग तक्रार कसली, असा पहिला आक्षेप येऊ शकतो. परंतु टक्केवारी ही सरासरी असते. सरासरीत गावठाण दिसते, वाडी दिसत नाही. प्रत्येक मतदान केंद्रावरील मतांची आकडेवारी निवडणुकीनंतर प्रसिद्ध होते. कातकरी वाड्या जोडलेल्या केंद्रांची २०१९ ची आणि २०२४ ची आकडेवारी शेजारी ठेवून पाहणे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे काम आहे. ते झाले, तर वाद तर्कावर न राहता आकड्यांवर येईल.

दुसरा आक्षेप असा की, देशात कोट्यवधी स्थलांतरित आहेत, प्रत्येकासाठी यंत्रणा कोठवर धावणार? याचे उत्तर आयोगाच्याच परंपरेत आहे. गीरच्या अरण्यात बाणेज येथे एका मतदारासाठी मतदान केंद्र उभारले गेले. अरुणाचलात मालोगाम येथेही एका मतदारासाठी कर्मचारी डोंगर चढून गेले. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या हिंदूंसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे विशेष केंद्रे उघडली गेली. ८५ वर्षांवरील नागरिक आणि दिव्यांग यांच्या घरी जाऊन मत घेतले जाते. ज्या यंत्रणेने हे करून दाखवले, तिला एकाच जिल्ह्यातील भट्ट्यांपर्यंत पोहोचणे अशक्य म्हणता येणार नाही. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. राजकीय पक्षांच्या शंकांमुळे तो पुढे सरकला नाही. एवढ्या मोठ्या योजनेची वाट पाहण्याचीही येथे गरज नाही.

तिसरा मुद्दा एकत्रित निवडणुकांचा. त्यासंबंधीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि पुढे संयुक्त संसदीय समितीकडे सोपवले गेले. वारंवारच्या निवडणुकांचा खर्च आणि त्यामुळे खोळंबणारा कारभार पाहता त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. मात्र लोकसभेबरोबर विधानसभाही एप्रिल-मे महिन्यांत होऊ लागली, तर भट्टीवरील मजुराला कोणत्याच निवडणुकीत घरी राहून मत देता येणार नाही. म्हणून एकत्रीकरणाचा विचार करणाऱ्यांनी हंगामी स्थलांतरितांच्या मताची व्यवस्था त्याच वेळी करावी. ती नंतरची बाब म्हणून ठेवू नये.

करता येण्यासारखे

पहिली गोष्ट तारखेची. मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत केव्हाही निवडणुकीची अधिसूचना काढता येते. अधिसूचनेपासून मतदानापर्यंतचे टप्पे कायद्याने ठरलेले आहेत - अर्जांसाठी सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, माघारीसाठी दोन दिवस आणि त्यानंतर किमान चौदा दिवस. म्हणजे महिन्याभरात सर्व काही बसते. आयोग पाऊस पाहतो, परीक्षा पाहतो, सण पाहतो. त्या यादीत ‘स्थलांतराचा हंगाम’ ही एक ओळ वाढवावी. वीटभट्टीबरोबरच मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांनाही तिचा लाभ होईल, कारण तेही दिवाळीच्या सुमारासच कोयता घेऊन घर सोडतात.

दुसरी गोष्ट, तारीख दिवाळीनंतर ठेवणे अपरिहार्यच ठरले तर जिल्हा प्रशासनाने भट्ट्यांची यादी आधीच तयार करावी, कलम १३५-ब ची लेखी समज प्रत्येक मालकाला द्यावी आणि मतदानाच्या दिवशी प्रशासनाच्या देखरेखीखाली एस.टी. गाड्यांची सोय करावी. गाडी शासनाची असली की मिंधेपणा राहत नाही. विशिष्ट वर्गातील मतदारांना टपाली मतदानाची मुभा देण्याचा मार्गही १९५१ च्या अधिनियमात आहे. हंगामी मजुरांसाठी त्याचा विचार व्हावा. पाचशे रुपयांच्या दंडाची रक्कमही संसदेने काळानुरूप वाढवणे उचित होईल.

तिसरी गोष्ट समाजाने करायची आहे. वाड्यांतून काम करणाऱ्या संस्था, शिक्षक, आशा सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी जुलै ते ऑक्टोबर या काळात यादी हाती घेऊन घरोघर जावे. कोणाचे नाव नाही, कोणाचे चुकले आहे, कोणते नाव ‘स्थलांतरित’ म्हणून वगळले गेले, हे तपासावे आणि नमुने भरून घ्यावेत. हे काम कोणत्याही पक्षाच्या बिल्ल्याशिवाय झाले, तरच वाडीचा विश्वास बसेल.

२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी ब्रिटिशांच्या गोळ्या झेलल्या. त्या काळी मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. ज्या रानांतून हे क्रांतिकारक वावरले, त्या रानांतल्या कातकऱ्याला मत नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी तो अधिकार कोणतीही पायरी न ठेवता प्रत्येक प्रौढ भारतीयाला मिळाला. निरक्षराला चिन्ह ओळखता यावे म्हणून चिन्हे दिली गेली, दूर राहणाऱ्यासाठी दोन किलोमीटरच्या आत केंद्र असावे असा दंडक घातला गेला. या साऱ्या व्यवस्थेने एकच गोष्ट गृहीत धरली - मतदार मतदानाच्या दिवशी घरी असेल. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांत ते गृहीतक चुकते.

२०२९ मध्ये दसरा १६ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ५ नोव्हेंबरला आहे. त्यांच्या मधल्या दिवसांत कोकणातून पाऊस माघारी गेलेला असतो, भाताची कापणी चालू असते आणि भट्टीचा ट्रक अजून वाडीवर आलेला नसतो. त्या वीस दिवसांपैकी एक दिवस मतदानाला मिळाला, तर सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मतदार कोणाच्याही गाडीत न बसता, स्वतःच्या पायांनी चालत केंद्रावर येईल.